उतारपेठेने गावांचे दाखले आणिले त्याची हकिकत

श्री. उंबरठा ओलांडून जो आत आला त्यास नमन, ज्याने आत येऊ दिले त्यास नमन, आणि ज्याने या भुईवर पहिले बोचके ठेविले, ज्याचे नाव आज कोणासही ठाऊक नाही, त्यास साष्टांग नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते साली उतारपेठेवर जो प्रसंग गुजरला त्याची हकिकत ऐकिली तैशी लिहिली असे. राज्याचे नाव लिहिले नाही. लिहिले असते तर लिहिणारा कोठला, ही चौकशी प्रथम निघाली असती.

उतारपेठ म्हणजे नगराच्या जुन्या वेशीस लागून चार गल्ल्या आणि दोनशे चौदा उंबरे. तेथे प्रथम तांबट आले, ते समुद्राकडून घाट चढोन आले, आणि हंडे-घागरी मठारू लागले, आणि तो ठणठणाट ऐकून नगरास कळले की वेशीपाशी कोणी वसले आहे. मग दक्षिणेकडे दुष्काळ पडला आणि विणकर आले, आणि घराघरांत मागाचे खड्डे खणिते जाहले. तांबटांनी आधी नाके मुरडिली आणि मग त्यांचीच लुगडी बायकांस नेसविली. मग पत्र्याचे व्यापारी आले, मग राज्याचे दोन तुकडे जाहले आणि पलीकडल्या तुकड्यातून नदीकाठची मंडळी आगगाडी भरभरून आली, मग गिरण्यांचे कामकरी, मग कुल्फीवाले, मग डोंगराळ मुलखाचे पहारेकरी. जो जो आला त्यास आधी आलेल्याने “आता इथे जागा नाही” ऐसे साफ सांगितले आणि मग थोडे सरकून जागा दिली. ऐसे दीडशे-पावणेदोनशे वर्षे सरकत सरकत पेठ दाट भरली. आणि पेठेचा एक रिवाज होता की कोणी कोणास “तुम्ही कुठले?” विचारिले तर पेठेचे नाव घेऊ नये. सातवी पिढी येथे जन्मली असो, वाडवडिलांनी सोडिले त्या गावाचे नाव सांगावे, आणि सांगताना मान थोडी ताठ करावी. दारावरील पाटीत तेच गाव, लग्नपत्रिकेत तेच गाव. ज्यास सांगावयास गाव नाही तो बिचारा उघड्यावरचा, अशी पेठेची समजूत होती, आणि या समजुतीने पेठेचा घात केला.

ते समयी तांबट आळीत अच्युतराव वडके म्हणून गृहस्थ राहात होते. वय सहासष्ट, अक्षर मोत्यासारखे. भांडी मठारण्याचे काम त्यांचे हातून सुटत आले होते, परंतु भांड्यावर नाव घालावे ते अच्युतरावांनीच. लग्नाची कळशी आली की ते आधी नाव घालीत आणि खाली, न विचारता, गावही घालीत. स्वतःचे गाव बोर्लेघाट ऐसे सांगत, तेथे वडक्यांची दगडी विहीर आहे ऐसेही सांगत. तेथे ते कधी गेले नव्हते. त्यांचे वडीलही गेले नव्हते. परंतु विहिरीचे पाणी गोड आहे हे त्यांस पक्के ठाऊक होते.

आश्विन मासी नगरदरबारातून हुकूम आला की पेठ पाडून नवी बांधणे आहे, सबब प्रत्येक उंबऱ्याने कागद भरून द्यावा, आणि कागदात पाचव्या रकान्यात प्रश्न होता, आपण मूळ कोठले. अच्युतरावांनी हे काम आपण होऊन अंगावर घेतले, आणि चष्मा पुसून, शाईचे पेन घेऊन दारोदार फिरले, आणि दोनशे चौदा कागदांचा पाचवा रकाना असा सुंदर भरिला की पाहात राहावे. पोरासोरांनी “इथलंच लिहा की” म्हटले तर त्यांस दटाविले. दोन दिवस त्यांचे पाय भुईवर नव्हते.

फक्त एके ठिकाणी अडले. विणकर आळीच्या तोंडाशी, माडीवरच्या एका खोलीत परचाराम नावाचे वृद्ध राहात, बटणे आणि दोऱ्याची रिळे विकीत. राज्याचे तुकडे जाहले तेव्हा सात वर्षांचे असता काकाचे बोट धरून ते पेठेत आले, आता चौऱ्यायशी वर्षांचे. बायको वारली, मूलबाळ नाही, आणि नातलग म्हणावे असे माणूस या बाजूस उरले नाही. अच्युतरावांनी पाचवा रकाना विचारिला तेव्हा ते म्हणाले, “इथलाच लिहा ना, साईं.”

अच्युतराव म्हणाले, “असं कसं परचारामशेट? गाव नाही असा माणूस असतो का?”

“होतं. आता नाही.”

“नाव तर असेल. नाव कुठे जातं?”

परचारामांनी हातातले रीळ उलगडून पुन्हा गुंडाळिले. मग म्हणाले, “गोठ साजनमल.” आणि म्हातारा रडू लागला, आणि रडता रडता कालवा सांगितला, कालव्याकाठची बोरे सांगितली, आईची ताक घुसळण्याची रवी सांगितली. काकाने दटावून ठेविले होते म्हणून ते नाव त्याने सत्त्याहत्तर वर्षांत तोंडावाटे काढिले नव्हते. अच्युतरावांचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते नाव इतरांहून जरा मोठ्या अक्षरांत लिहिले आणि म्हणाले, “आज तुमचं गाव तुम्हाला मिळालं बघा.” घरी येऊन बायकोस, मनोरमाबाईंस, हीच गोष्ट दोनदा सांगितली, आणि त्या दिवशी दोन पोळ्या अधिक जेवले.

मग कार्तिक शुद्ध द्वादशीस दरबाराचे शिपाई आले आणि वेशीच्या भिंतीस यादी डकवून गेले. यादीत लिहिले होते की मूळ रहिवाशांस नव्या पेठेत घर मिळेल. परस्थांनी, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी, साठ दिवसांत खोल्या खाली करून आपापल्या मूळ ठिकाणी जावे. खाली मूळ रहिवासी ऐसा मथळा होता आणि त्याखाली एकही नाव नव्हते. परस्थांची नावे दोनशे चौदा, प्रत्येकापुढे गावाचे नाव छापिलेले. लोकांनी यादी वाचिली आणि पेठेच्या तोंडचे पाणी पळाले. काही जण पुन्हापुन्हा खाली वाकून पाहू लागले, की कागदाच्या खाली अजून एखादा कागद असेल.

पाचवा रकाना त्यांचे हातचा होता हे साऱ्या पेठेस ठाऊक. विणकरांतील व्यंकम्मा म्हणून बाई, चाळिशीची, जिभेस धार असलेली, गर्दीतून पुढे येऊन म्हणाली, “तुमीच लिवलाव की वो काका. किती झाक लिवलाव. सरकारला वाचायला काय पन त्रास झाला नसंल बगा.” कोणी हसले नाही. अच्युतराव घरी आले आणि हातोडी घेऊन एक रिकामी परात उगाच ठोकीत बसले. मनोरमाबाई म्हणाल्या, “अहो, सगळ्यांनी आपापल्या तोंडानं सांगितलं, तुम्ही फक्त लिहिलं.” तेव्हा ते हो म्हणाले. परंतु एकाने आपल्या तोंडाने निराळे सांगितले होते, आणि ते त्यांचे कानांखेरीज कोणीही ऐकिले नव्हते. ते त्यांनी बायकोसही सांगितले नाही. त्या दिवसापासून माडीवरची ती खोली गल्लीतून दिसते म्हणून ते विणकर आळीतून जाईनासे जाहले, आणि लांबचा वळसा घालू लागले.

मग पेठेतील शहाण्या चौघांनी हुकूम पुन्हा वाचिला, चष्मे लावून, एकेक ओळ बोट ठेवून, आणि त्यांस शेवटी बारीक अक्षरांत एक कलम सापडले. ते ऐसे की, परस्थाचे मूळ गाव जर लिहून देईल की या माणसाचे येथे घर नाही, जमीन नाही आणि नावही नाही, तर त्यास पाठविण्यास ठिकाण उरत नाही, सबब मार्गशीर्षातील सुनावणीत त्यास पेठेतीलच गणावे. मग काय विचारता, पेठ उठली, आणि ज्या गावांची नावे सात पिढ्या ताठ मानेने सांगितली त्या गावांकडे नकार मागावयास निघाली. कोणी बसने निघाला, कोणी रेल्वेने, कोणी आठ जणांत एक जीप करून. तिकडे गावे बिचारी भोळी. व्यंकम्मेच्या भावाचे तिकडे ढोलताशे लावून स्वागत जाहले, शाल आणि नारळ दिला, आणि सरपंचाने लिहून दिले की हा आमच्याच मातीचा पुत्र असे. तो कागद वाचून व्यंकम्मेने कपाळावर हात मारिला, पुढली गाडी धरून स्वतः गेली, शाल परत केली, दोन तास हुज्जत घातली, आणि हा पुत्र आमचा कोणी नव्हे ऐसे लिहवून आणिले. सरपंच रुसला तो रुसलाच.

अच्युतरावही बोर्लेघाटास गेले. तेथील ग्रामपंचायतीत एक शांत स्वभावाचा ग्रामसेवक होता, त्याने चहा दिला आणि जुनी दप्तरे काढिली, आणि पान पान उलटून म्हणाला, “वडके? नाही बुवा. या नावाचं इथे कोणी नव्हतंच कधी.” अच्युतरावांनी विहिरीचे विचारिले. तो म्हणाला, “इथे नदी आहे, विहिरीची गरजच नव्हती कोणाला.” आणि शिक्का मारून दाखला दिला. घर वाचविणारा तो कागद खिशात घालून अच्युतराव एसटीच्या थांब्यावर बसले, आणि त्यांस फार वाईट वाटले. आपण कोणाचे तरी आहोत ऐसे जन्मभर वाटत होते, त्यावर आज गोल शिक्का बसला, तो “नाही” ऐसा. शेजारी बसलेल्या म्हातारीने “कुठलं गाव तुमचं?” विचारिले तेव्हा ते काहीच बोलिले नाहीत, आणि तिने बहिरे आहेत ऐसे समजून नाद सोडिला.

मार्गशीर्ष लागला तो दोनशे तेरा दाखले गोळा जाहले. लोक हसू-बोलू लागले, गल्लीत एकमेकांस आपापले नकार वाचून दाखवू लागले. एक दाखला मात्र आला नाही आणि येणारही नव्हता. गोठ साजनमल दुसऱ्या राज्यात, आणि त्या राज्याशी या राज्याचे बोलणे बंद. अच्युतरावांनी गुपचूप एक पत्र लिहून टपालात नेले, तेव्हा तेथील बाबूने पाकीट उलटसुलट करून परत दिले. मग एका वकिलास विचारिले, तो म्हणाला, दोन वर्षे तरी लागतील आणि लागूनही होईल ऐसे नाही. सुनावणीस सहा दिवस उरले. अच्युतरावांचा जीव टांगणीस लागला, अन्न गोड लागेना. एके दिवशी धीर करून ते माडी चढले. परचाराम खिडकीशी बसले होते आणि कुल्फीवाल्याच्या बायकोस कालव्याची गोष्ट सांगत होते, ती धुणे पिळता पिळता हूं हूं करीत होती. अच्युतरावांस पाहोन म्हातारा उजळला आणि म्हणाला, “या साईं, बसा. रोज थोडं थोडं आठवतं. काल बैलाचं नाव आठवलं.” एकदा या म्हाताऱ्यास लहानपणी हाकलिले, आता दुसऱ्यांदा हाकलतील ते माझ्या अक्षराने, ऐसे मनात येऊन अच्युतराव बसले नाहीत, आणि औषध विसरलो म्हणून खाली उतरले.

मग घरी येऊन मनोरमाबाईंस सर्व सांगितले. म्हातारा “इथलाच” म्हणाला होता, आपण हट्टाने दुसरे वदविले, हे सांगितले. आणि कागदाच्या तळाशी छापिले होते तेही सांगितले, की लिहिणाऱ्याने सांगणाऱ्याचे खरे म्हणणे बाजूस सारिले असल्यास लिहिणाऱ्याचाही हक्क जाईल. मनोरमाबाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेविले.

“म्हणजे तुम्ही बोललात तर आपलं घर जाईल.”

“जाऊ शकतं.”

“आणि नाही बोललात तर त्यांचं.”

“हो.”

त्या म्हणाल्या, “मग बोला. नव्या घरात बसून तुमचं हे तोंड मला रोज बघायचं नाही.” आणि पुन्हा सूप घेतले, परंतु खडे तांदळातच राहिले.

मार्गशीर्ष वद्य पंचमीस दरबारी कचेरीत सुनावणी जाहली. मुखत्यार म्हणून देवयानीबाई नावाची तिशीच्या आतली अधिकारी नेमिली होती, बोलणे मृदू, पण कागदावाचून पान हलवू न देणारी. सारी पेठ कचेरीत दाटली. अच्युतराव परचारामांस रिक्षाने घेऊन आले, आणि वाटेत तीन वेळा बजाविले की बाईंनी विचारिले तर दोनच शब्द बोलावे, इथलाच आहे. म्हाताऱ्याने तिन्ही वेळा मान डोलाविली. मग एकेक दाखला पाहोन बाईंनी दोनशे तेरा नावे पेठेतील म्हणून कायम केली, वडक्यांचेही केले, आणि दोनशे चौदाव्या कागदापाशी थांबल्या. म्हणाल्या, “यांचा दाखला?”

अच्युतराव उभे राहिले. टेबलाचा काठ धरिला आणि म्हणाले, “बाईसाहेब, हा रकाना चुकीचा आहे. हे इथलाच म्हणाले होते. मी ऐकलं नाही. मी वदवून घेतलं आणि मी लिहिलं. अक्षर माझं, चूक माझी.” व्यंकम्मा मागून हळू बोलली, “काका, बसा की वो. मरताव का आता?” परंतु ते बसले नाहीत.

देवयानीबाईंनी चष्म्यावरून पाहिले. म्हणाल्या, “तुमचं काय करायचं ते नंतर पाहू. पण रकाना चुकला असेल तर मला तो दुरुस्त करता येतो. आजोबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की झालं.” आणि पेन उघडून, अगदी सोपे करून विचारित्या जाहल्या, “आजोबा, तुम्ही कुठले?”

परचाराम खुर्चीतून उठले. अच्युतराव ओठ हलवून ते दोन शब्द दाखवू लागले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिले, मग बाईंकडे पाहिले, आणि म्हणाले, “गोठ साजनमल.”

बाई म्हणाल्या, “आजोबा, नीट ऐका. मी आत्ताचं विचारतेय.”

“आत्ताचंच सांगतोय, बेटा. काका म्हणाले होते, नाव घेऊ नको, लोक हाकलतील. म्हणून सत्त्याहत्तर वर्षं इथलाच म्हणालो. चुकून कधी ओठावर यायचं, मी गिळायचो.” येथे त्यांस धाप लागली, पाणी दिले, ते प्याले. “आई तिथंच राहिली. गाडीत जागा नव्हती, म्हणाली मागून येते. हे अच्युतराव आले, त्यांनी ते नाव माझ्याकडून काढलं. आता तुम्ही म्हणता परत गिळ. नाही होत. तिला नाही म्हटल्यासारखं होतंय.”

बाईंनी पेन खाली ठेविले. पेठेतील दोनशे तेरा जण आपापल्या हातातील नकारांकडे पाहात राहिले. मग बाईंनी पेन उचलिले, कारण त्यांस दुसरा इलाज नव्हता, आणि त्या नावापुढे परस्थ हा शब्द कायम केला. रकान्यात लिहिलेले सांगणाऱ्याचेच निघाले, सबब लिहिणाऱ्यावर दोष उरला नाही, ऐसेही लिहिले. अच्युतरावांस हे कळले तेव्हा आपले घर वाचले याचा मनात एकदम आनंद जाहला, आणि तो आनंद जाहला याची इतकी लाज वाटली की त्यांनी भिंतीकडे तोंड केले. परचारामांनी जवळ येऊन त्यांचे पाठीवर हात ठेविला आणि म्हणाले, “घाबरू नका साईं. मी आधी पण गेलोय. सवय आहे.” हे वाक्य अच्युतरावांस पुढे कधी विसरता आले नाही.

मग पौषात लोखंडी यंत्र आले आणि नव्या बांधणीच्या आधी परस्थाची खोली पाडावी ऐसा शिरस्ता म्हणून माडी प्रथम पाडिली. एक खाट, दोन डबे बटणे आणि रिळांची पेटी एवढे सामान निघाले. खाटेचे एक टोक अच्युतरावांनी धरिले, दुसरे व्यंकम्मेने, आणि पेठेने पाहिले की खाट वेशीकडे न जाता तांबट आळीकडे वळली. शिपायाने हटकिले, “कुठे नेताय? यांना इथे हक्क नाही.” अच्युतराव म्हणाले, “हक्क मागतंय कोण? आमच्याकडे पाहुणे आलेत.” शिपायाने हुकूम उलटसुलट वाचिला, त्यात पाहुण्यांविषयी कलम नव्हते. तो निघून गेला, परंतु उद्या कलम निघेल ही धास्ती अच्युतरावांस लागली ती आजतागायत गेली नाही, आणि दारात खाकी कपडा दिसला की ते अजूनही आधी खाटेकडे पाहतात.

सारांश, उतारपेठ टिकली ती ज्या गावांनी तिच्या लोकांस ओळख दिली नाही त्यांच्या शिक्क्यांनी टिकली. दोनशे तेरा जणांनी आपापल्या गावास आपण नको ऐसे लिहवून आणिले आणि त्यांस घरे मिळाली. एकाने आपल्या गावास नाकारिले नाही आणि त्याचे घर गेले. वडक्यांच्या दारावरील बोर्लेघाटकर ही पाटी उतरविली आहे, तेथे नवी लाविली नाही. आत परचाराम मनोरमाबाईंस कालव्याकाठच्या बोरांची गोष्ट सांगत असतात आणि त्या तांदूळ निवडत ऐकत असतात. इति हकिकत.